चौदा महिने, एक अपडेट आणि नसलेला दिवा

लॅपटॉप घेऊन १४ महिने झाले. वॉरंटी १२ महिन्यांची होती, त्यामुळे पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. प्रोसेसर, रॅम जाहिरातीत आहेच, ते इथे उगाळत नाही. कीबोर्ड झकास, स्पीकर सुमार. माझं भांडण आहे ते चार्जिंगच्या दिव्याशी, म्हणजे नसलेल्या दिव्याशी. केबल लावली की करंट आत जातोय का, मशीन जागं आहे की झोपलंय, काही म्हणजे काही कळत नाही. ५४ हजारांच्या वस्तूत दोन रुपयांचा एलईडी बसवायला यांचं काय जात होतं?

गेल्या महिन्यात रात्री अकराला विंडोजने रीस्टार्ट मागितलं, मी दिलं. यादीत ‘फर्मवेअर’ होतं, ते मी वाचलंच नाही. हे अपडेट म्हणजे बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) चिपवरचं जुनं पुसून नवं लिहिणं. पट्टी अर्ध्यावर आली, मशीन आपणहून बंद-चालू झालं आणि स्क्रीन काळी. पंख्याचा आवाजही नाही. पाच मिनिटं वाट पाहिली, सहाव्या मिनिटाला पॉवर बटण दाबून धरलं. अशा वेळी स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, हे नंतर समजलं. दिवा असता तर तेव्हाच समजलं असतं!

त्यानंतर फक्त कॅप्स लॉक लुकलुकायचा. चार्जर काढून बटण ६० सेकंद दाबून झालं. मागचं झाकण उघडलं (दोन स्क्रू रबराच्या पट्टीखाली लपवलेत, शाबास!), बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवला. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बायोसची फाइल टाकून रिकव्हरीही करून पाहिली. पेन ड्राइव्हचा दिवा दोनदा चमकला आणि थांबला. बघा, साध्या पेन ड्राइव्हलाही दिवा आहे.

सर्व्हिस सेंटरने तपासणीचे ५९० रुपये आधी घेतले. मग निकाल: मदरबोर्ड बदला, ३१,५०० रुपये. “अपडेट तुम्हीच पाठवलं होतं ना?” “हो सर, पण वॉरंटी संपलीये.” इथपर्यंतचा रिव्ह्यू मी त्याच रात्री लिहून ठेवला होता, एक तारा देऊन.

शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. एका जिन्याखालच्या दुकानातल्या पोराने बोर्डावरची आठ पायांची चिप चिमट्यात धरली, दुसऱ्या टोकाला प्रोग्रामर, म्हणजे चिपवर लिहिणारं यंत्र, आणि लिहिण्याआधी जुनं सगळं वाचून कॉपी करून घेतलं. मशीनचा सीरियल नंबर आणि विंडोजची लायसन्स की त्यातच असते म्हणे. नुसती साइटवरची फाइल कोंबली तर ते पुसलं जातं. ४० मिनिटं, १,८०० रुपये, वर त्याच्याकडूनच चहा. मी दिव्याचं गाऱ्हाणं घातलं. तो म्हणाला, “काका, दिवा असता तरी तुम्ही बटण दाबलंच असतं.”

मशीन चालू झालं आणि लगेच बिटलॉकरची निळी पाटी. बिटलॉकर म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, बायोसमध्ये फेरफार दिसला की ते अडून बसतं. ४८ आकडी की द्या! मी बिटलॉकर कधी लावलाच नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं तेव्हाच ते गुपचूप लागलेलं. नशिबाने की खात्यात जमा होती. लेकीने फोनवरून सहा-सहा आकडे वाचून दाखवले, मी दाबत गेलो, एकदा चुकलो, बोलणी खाल्ली. पण फाइल एकही गेली नाही. आता ती की छापून कपाटात, वीजबिलांच्या फाइलीत ठेवली आहे.

तर एकाचे तीन तारे करतोय. दोन कीबोर्डाला, एक त्या पोराला, कंपनीला काही नाही. बायोस अपडेट करायचंच असेल तर आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा, चार्जर लावा आणि मशीनजवळून उठून जा, जेवून या.

आणि हो, वॅट दाखवणारी टाइप-सी केबल घेतली, ३४९ रुपयांना. काल रात्री लाइट घालवून बघत बसलो होतो. ६१ वॅट. आत जातोय.