पर्यायी यादवी लिहायचीय: होरस हेरेसी घ्यावी की फेडकॉम?

विज्ञानकथेतल्या एखाद्या विश्वाची यादवी आपल्या पद्धतीने नव्याने मांडायची, तर वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या विश्वातली होरस हेरेसी, म्हणजे सम्राटाविरुद्ध त्याच्याच मुलाने, होरसने केलेलं बंड, बहुतेकांच्या मनात आधी येते. बॅटलटेक या दुसऱ्या खेळातलं फेडकॉम (फेडरेटेड कॉमनवेल्थ) राज्याचं यादवी युद्ध त्यामानाने कमी जणांना सुचतं. पहिल्यांदाच लिहिणार असाल, तर माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

हेरेसीत नाट्य आयतं मिळतं. बाप सम्राट, मुलगे सेनापती. या मुलांच्या हाताखालच्या २० लीजनपैकी, म्हणजे फौजांपैकी, दोघांच्या नोंदीच पुसलेल्या. उरलेल्या १८ पैकी ९ होरसकडे, ९ सम्राटाकडे. ही नेटकी वाटणीच लेखकाला गोत्यात आणते. निष्ठावंतांना फितूर करायचं, फितुरांना निष्ठावंत, की झाली कथा, असं वाटतं. पण होरसला मिळालेल्या मुलांपैकी पर्टुराबोची उपेक्षा, लॉर्गारचा अपमान, अँग्रॉनच्या मेंदूत ठोकलेले खिळे ही फितुरीची कारणं मूळ कथेनेच पेरून ठेवली आहेत. निष्ठावंत डॉर्नला फितवायचं तर तेवढीच खोल जखम तुम्हाला शोधावी लागेल, आणि ती एकट्या डॉर्नसाठी नाही, नऊ जणांसाठी.

त्यापेक्षा एकच धागा ओढा. इस्तवान ५ या ग्रहावर होरसविरुद्ध दुसऱ्या लाटेत उतरलेल्या चार लीजननी आपल्याच साथीदारांवर बंदुका रोखल्या. त्यातल्या एकट्या अल्फा लीजनने ऐनवेळी बाजू बदलली नाही, एवढंच धरा. पुढचं सगळं हलतं.

हेरेसीतली यानं वॉर्प नावाच्या अस्थिर मितीतून प्रवास करतात, आणि तिथून जाणारं आरमार कधी पोचेल याचा नेम नसतो. म्हणून अडलेल्या प्रसंगी कुमक हजर करण्याचा मोह होतो, आणि मुरलेला वाचक तो लगेच ओळखतो.

बॅटलटेकमध्ये ही पळवाट नाही. एका उडीत जास्तीत जास्त ३० प्रकाशवर्षं, मग यान पुन्हा चार्ज व्हायला साधारण आठवडा, वर उडीच्या बिंदूपासून ग्रहापर्यंतचा प्रवास. नकाशा पुढ्यात घेतला की कोणती रेजिमेंट वेळेत पोचणार नाही हे तुम्हाला ठरवावं लागत नाही, ते आपोआप कळतं. अर्धं कथानक तिथेच उभं राहतं.

फाटा कुठे फोडायचा, हा खरा प्रश्न. ३०५५ मध्ये व्हिक्टर, कॅथरीन आणि आर्थर या भावंडांच्या आईचा, राज्यकर्त्या मेलिसा स्टायनरचा खून झालाच नाही असं धरलंत, तर कदाचित युद्धच होणार नाही. ३०५७ मध्ये कॅथरीनने राज्यातला लायरन प्रदेश वेगळा काढला, तिथूनही बदल करता येतो, पण मग पाच वर्षांचं राजकारण नव्याने रचा. मला ३०६२ सोयीचं वाटतं: तेव्हा मारला गेलेला धाकटा आर्थर वाचला तर? व्हिक्टरच्या हातून युद्धाचं निमित्त निसटतं. त्याची शेजारच्या शत्रुराज्यातल्या कुरिता घराण्याशी असलेली जवळीक सीमेवरच्या ड्रॅकोनिस मार्च प्रांतात आधीच सलत होती, तेव्हा तिथले सरदार आर्थरभोवती जमू शकतात. दोन भावंडांची लढाई तिरंगी होते आणि ३०६७ चा शेवट कुणालाच आधी ओळखता येत नाही.

त्रास एवढाच की इथे रेजिमेंटगणिक इतिहास लिहिलेला आहे. एखादी तुकडी चुकीच्या ग्रहावर दाखवलीत, तर जाणकार सोडणार नाहीत. अभ्यासाचा कंटाळा असेल आणि दोन-तीन पात्रांची छोटी गोष्टच लिहायची असेल, तर मात्र हेरेसी घ्या.

पुढे त्यावर ॲनिमेशन करायचा बेत असेल, तर आधी नियम वाचा. वॉरहॅमरची मालक कंपनी गेम्स वर्कशॉपने २०२१ मध्ये चाहत्यांच्या फिल्म आणि ॲनिमेशनला स्पष्ट मनाई केली.