सॅन स्टॉर्मचा वॉटर पंप: जुनाच भरून घ्यायचा का नवा मागवायचा?

स्टॉर्म ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना गाडी काय चीज आहे ते सांगत बसत नाही. गोव्यात बनलेली दोन सीटची फायबर बॉडी, पुढं रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, बास. माझी गाडी हिंगणघाटच्या पुढं वडनेरच्या बाजूला आमच्या गावी असते, कापूस ठेवायच्या खोलीत, आणि कापूस घरी आला की ती बाहेर ताडपत्रीखाली. मे महिन्यात आमच्याकडे ४५-४६ च्या घरात ऊन असतं, म्हणजे पंपाची परीक्षा घ्यायला वेगळं काही करायची गरज नाही.

तर इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप गेला. सकाळी स्टार्ट केली की पहिली दोन मिनिटं कर्रकर्र, गाडीखाली हिरवा डाग, डब्यातलं कूलंट हप्त्याला बोटभर खाली. यापुढं दोनच रस्ते उरतात, जुना पंप लेथवर नेऊन भरून घ्यायचा, म्हणजे त्यात नवं बेअरिंग आणि पाणी अडवणारं सील टाकून घ्यायचं, नाहीतर बाहेरच्या देशातून नवा मागवायचा. मी दोन्ही केलं, आधी पहिलं आणि मग झक मारून दुसरं, त्यामुळं थोडंफार बोलू शकतो. एकाच गाडीचा अनुभव आहे हे मात्र धरून चाला.

तिसरा रस्ता पण आहे म्हणे. नागपुरात एका दुकानात रेनॉच्याच लोगन गाडीचा पंप समोर ठेवला, "रेनॉच आहे ना भाऊ, बसते." नाही बसत. लोगनच्या पेट्रोलमध्ये के सिरीजचं इंजिन, १.४ आणि १.६, आपल्या स्टॉर्मचं डी७एफ, नाव एका कंपनीचं असलं म्हणून सोयरीक जुळत नाही. हा विषय इथंच संपला.

आता भरून घ्यायचं म्हणाल तर आपल्या भागात त्याच्यासारखं सोपं काही नाही. आमचे लेथवाले भाऊ जिनिंगच्या मशीनचे बुश करतात, सबमर्सिबलचे शाफ्ट करतात, ट्रॅक्टरचे पंप तर डोळे मिटून. माझा पंप हातात घेऊन त्यांनी बोटानं वाजवून पाहिला आणि म्हणाले, "टाकून कायले देता, बॉडी तं टणटण आहे. बेअरिंग अन् सील बदलवून देतो, उद्या घेऊन जा." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तयार. साडेआठशे रुपये घेतले, वर चहा पाजला. मूळची कास्टिंग असल्यामुळं बोल्टची भोकं मिलीमीटरला जुळतात, गॅस्केट त्यांनी कागदाचं कापून दिलं. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की बाहेरून मागवणारे लोक येडे आहेत.

पंधरा दिवस छान गेले. मग परत डाग.

आधी वाटलं होजची क्लिप सैल असेल, मग वाटलं रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून येत असेल, माणूस स्वतःची समजूत घालायला काय काय शोधतो. शेवटी रात्री गाडीखाली स्टीलची वाटी ठेवली. सकाळी वाटीत दोन चमचे हिरवं पाणी. आठ दिवस रोज ठेवली, दोनचे तीन झाले, तिसऱ्या दिवसापासून त्यावर बारीक काळा चुरा तरंगायला लागला. आई अंगण झाडता झाडता म्हणाली, "कारे, गाडी दुभती झाली काय? सकाळ-संध्याकाळ काढत जाय मंग."

आता माझं डोकं जिथं फिरलं ते सांगतो. थेंबांनी नाही फिरलं. थेंब पडतो कुठं त्यानं फिरलं. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो तो पट्टा. म्हणजे पंपाच्या त्या खालच्या बारीक छिद्रातून जे गळतं ते बेल्टच्या शेजारीच गळतं, आणि तो काळा चुरा बेल्टच्या कडेचा होता. कूलंटनं भिजलेला बेल्ट परत वापरायला कोणताही शहाणा मिस्त्री तयार होत नाही. म्हणजे साडेआठशेच्या पंपानं नवाकोरा बेल्ट खाल्ला. आणि तिथपर्यंत पोचायचं म्हणजे उजवं चाक काढा, इंजिनखाली जॅक अन् लाकडाचा ठोकळा लावा, त्या बाजूचा माउंट सोडा, अल्टरनेटरचा बेल्ट काढा, कव्हर काढा, खुणा जुळवा, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल करा, मग कुठं पंपाचे बोल्ट दिसतात. एका उन्हाळ्यात हे सगळं मी तीनदा उघडलं. दुसऱ्यांदा लेथवाल्या भाऊंनी फुकट सील बदलून दिलं, माणूस अगदी सरळ आहे, पण त्यांच्या फुकटनं माझ्या मिस्त्रीचे दोन दिवस काही फुकट होत नाहीत.

भाऊंची चूक काढायला हे लिहीत नाहीये. नंतर आम्ही दोघांनी बसून पंप उघडून पाहिला तेव्हा लक्षात आलं की अडचण सीलच्या उंचीत होती. आत स्प्रिंगचं सील असतं, इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, शाफ्टवर किती खोल दाबला त्यावर ती स्प्रिंग किती दबते ते ठरतं. जागेवर मिळालेलं सील दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं, उंचीला अंदाजे अर्धा मिलीमीटर कमी, आणि इंपेलर प्रेसवर दाबला नजरेच्या मापानं. थंड असताना एक थेंब नाही, गरम झाला की सुरू. दुसरं म्हणजे बेअरिंग आणि शाफ्ट एकातएक येतात, ते काढून परत दाबलं की ॲल्युमिनियमच्या बॉडीतली पकड दर वेळेला थोडी ढिली होते. माझ्या पंपात बेअरिंग केसभर बाहेर सरकलं होतं आणि बेल्ट पुलीच्या एका कडेला घासत चालत होता. काळा चुरा का येतोय ते तेव्हा कळलं.

बोअरच्या पाण्याचा पण यात हात आहे बरं का. माझ्या आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं तेच भरलं होतं, आत पांढरा थर हा असा, घरातल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. असली खरड सीलच्या गुळगुळीत तोंडात गेली की सील गावठी असो की विलायती, मरतंच. पंप कोणताही टाका, बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा आणि कूलंटमध्ये निम्मं-निम्मं करा. पाच-सहा बाटल्यांचा खर्च आहे.

आता नवा. याचं सुख कमी आणि त्रास आधीच भोगावा लागतो. पंप रेनॉच्या क्लिओ नाहीतर ट्विंगो गाडीच्या नावानं शोधायचा, त्यांच्यात हेच इंजिन येतं, १.२ लिटर, आठ व्हॉल्व्ह, डी७एफ. सोळा व्हॉल्व्हचं डी४एफ वेगळं इंजिन आहे, काही ठिकाणी दोघांना एकच पंप दाखवतात, मी त्या भानगडीत पडलो नाही, इंजिनवरच्या पट्टीचा फोटो पाठवून खात्री करून घेतली. दिल्लीच्या काश्मिरी गेटला ओळखीतून विचारलं, काही हाती लागलं नाही. मग बाहेरून मागवला, बेल्ट आणि टेन्शनरसकट पूर्ण किट. कस्टम ड्युटी धरून लेथच्या कामाच्या दहापट पैसे गेले, आणि सव्वीस दिवस गाडी तीन चाकांवर अन् एका दगडावर उभी. गावातलं प्रत्येक पोरगं येऊन विचारून गेलं, "काका, विकली काय?" त्या सव्वीस दिवसांत मी भाऊंच्या लेथकडे परत दोनदा जाऊन आलो, खोटं कशाला बोलू.

नव्यातही धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या इंपेलरचे असे दोन प्रकार मिळतात. प्लॅस्टिकवाला चालत असेलही, बऱ्याच गाड्यांत कंपनीच तो टाकते. पण आमच्या उन्हात, वर्षातले चार महिने उभ्या असणाऱ्या गाडीत मला धातूचा बरा वाटला. याला मनाचा कौल म्हणा, माप माझ्याकडे नाही.

बसवताना मात्र फरक लगेच जाणवला. इंपेलर हातानं फिरवला तर एकसारखा जड, कुठं अडकत नाही, कुठं सुटत नाही. इंजिनाकडची जागा मिस्त्री ग्राइंडरनं साफ करायला निघाला होता, त्याला थांबवलं, ब्लेडनं हळूहळू खरवडली, ॲल्युमिनियमला एक खोल चर पडली की नव्या गॅस्केटचंही काही चालत नाही. बेल्ट चढवल्यावर पान्यानं इंजिन दोन पूर्ण फेरे हातानं फिरवून खुणा परत पाहिल्या. हीटरच्या होजवरचा हवा काढायचा स्क्रू विसरू नका, आम्ही विसरलो आणि पहिल्याच फेरीत वडनेर येईपर्यंत काटा लालकडे. हवा अडकली होती, पंपाला उगाच शिव्या घातल्या.

त्यानंतर दोन उन्हाळे झाले. मागच्या मे मध्ये भरदुपारी पांढरकवड्याला जाऊन आलो, टप उघडा ठेवायचा मूर्खपणा पण केला, मी शिजलो, गाडी नाही.

म्हणून मला वाटतं ते असं, बाकी गाडी तुमची आणि पैसे पण तुमचे. पद्मिनी असेल, जुनी जीप असेल, पंप बाहेर फॅन बेल्टवर आहे आणि चार बोल्ट काढले की हातात येतो, तर डोळे मिटून लेथवाल्याकडे जा, परत गळला तर तासाभरात परत काढाल. स्टॉर्ममध्ये मात्र मी पंपाची किंमत बघतच नाही, तिथपर्यंत पोचायची किंमत बघतो. गाडी दिवाळी-दसऱ्यालाच बाहेर निघत असेल आणि सील नेमकं त्याच मापाचं मिळालं असेल तर भरलेला पंप चालूनही जाईल, नाही म्हणत नाही. मागवायचा असेल तर होळीच्या आधी मागवा, पार्सल सव्वीस दिवस अडकलं तरी उन्हाच्या आत काम होतं.

भाऊंनी तिसऱ्यांदा नीट माप घेऊन भरलेला जुना पंप माझ्याकडे खिडकीत पडून आहे. टेबलावर तरी एक थेंब गळत नाही. कोणाला तात्पुरता लागला तर हिंगणघाटला येऊन घेऊन जा, पैसे नको, फक्त वाटी आपली आपण आणा.