४८ व्होल्टची डबी आणि ‘झीरो नॉइज’ माईक

‘कंप्लीट स्टुडिओ किट’ या नावाने जी खोकी सध्या विकली जाताहेत, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे. कंडेन्सर माईक, टेबलाला अडकवायचा बूम आर्म, पॉप फिल्टर, फोमची टोपी, केबल आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवरची (म्हणजे केबलमधूनच माईकला वीज देणारी) डबी, सगळं एका खोक्यात. मी नाशिकच्या एम. जी. रोड भागातल्या एका दुकानातून हे किट साडेसात हजारांना घेतलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे.

माझं काम आवाज देण्याचं. द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या, छाटणीच्या माहितीचे व्हिडिओ निघतात, त्यांत बरेचदा माझा आवाज असतो. शिवाय अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. म्हणजे माईक म्हणजे काय हे मला माहीत होतं, आणि दुकानात विचारायचं ते सगळं विचारूनच घेतला. तरी फसवलं, कारण फसवणूक माईकमध्ये जेवढी होती त्याहून जास्त डेमोमध्ये होती.

डेमो दुकानातल्याच लॅपटॉपवर दिला. दुकानदाराने माईक लावला, मला चार वाक्यं बोलायला लावली आणि हेडफोन कानाला दिले. डोक्यावर पंखा गरगरतोय, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि रेकॉर्डिंगमध्ये माझ्या दोन वाक्यांच्या मधे काहीच नाही. अगदी शून्य. मी म्हटलं, "अहो, पंख्याचा आवाज कसा काय नाही आला?" तर म्हणे, "ताई, चिपमध्येच नॉइज कॅन्सलेशन आहे. हाच तर फरक आहे लोकलमध्ये आणि यात."

अशी चिप त्या माईकमध्ये नव्हती. कंडेन्सर माईक उलट फार हळवा असतो, पंखा, शेजारचा मिक्सर, खालच्या गल्लीतली स्कूटर, सगळं टिपतो. घरी आल्यावर मी डेमोच्या वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नीट पाहिला, तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचं चिन्ह दिसतंय. बोलणं थांबलं की ते सॉफ्टवेअर आवाजच बंद करतं. शांतता त्याची होती, माईकची नव्हे.

याची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या घेता येते. ‘वाघ’, ‘दूध’, ‘पाठ’ असे शेवटी श्वास सुटणारे शब्द सावकाश बोलायचे आणि ऐकायचे. सॉफ्टवेअर चालू असेल तर शब्दाची शेपटी कापली जाते, ‘वाघ’चा ‘वाग’ होतो. माझ्या त्या व्हिडिओतही तसंच ऐकू येतं, पण गर्दीत कोण लक्ष देतं! त्याहून सोपं म्हणजे आपलाच लॅपटॉप घेऊन जायचं आणि काही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करायचं. दुकानदार मधे मधे बोलत राहील, त्याला गप्प बसवायचं. आणखी एक, माईकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडायचं. खरवड मोठ्याने ऐकू आली नाही तर रेकॉर्डिंग त्या माईकमधून होतच नाहीये, लॅपटॉपच्या अंगच्या माईकमधून होतंय. साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेने जोडलेले माईक लॅपटॉप पुष्कळदा ओळखतच नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काय सुंदर आवाज आहे.

घरी पहिलंच काम पाठवलं आणि परत आलं. "मॅडम, मागे सतत शू येतंय, आणि बारीक शिट्टीसारखं काहीतरी." ऑडिओबुकच्या कामात शांततेची पातळी साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. माझी उणे ४३ च्या आसपास, तीही पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीवर गोधडी टाकून.

माझे धाकटे दीर अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. ते म्हणाले, "वहिनी, आधी ती डबी बघू." केबलच्या टोकाला तीन पिना असतात. मल्टिमीटरची काळी तार १ नंबरला, लाल २ नंबरला. खऱ्या फँटम पॉवरला तिथे ४८ व्होल्ट दिसायला हवेत, चार इकडे-तिकडे चालतात. मीटरवर आले साडेसतरा. डबीवर मात्र सोनेरी अक्षरांत ४८. ती चालते लॅपटॉपच्या यूएसबीवर, म्हणजे पाच व्होल्टवर, आणि त्या पाचाचे जास्त व्होल्ट करणारं आतलं स्वस्तातलं सर्किटच ती शिट्टी वाजवत होतं. बॅटरीवरच्या दुसऱ्या इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीला) माईक लावला तेव्हा शिट्टी गेली, शू मात्र तसंच राहिलं.

मग माईक उघडला. खालची कडी फिरवली की वरची नळी निघते. बाहेरून जाळी एवढी मोठी की आत जाडजूड काहीतरी असणार असं वाटतं, खोक्यावर तर ‘३४ मिमी गोल्ड डायफ्रॅम’ (आवाजाने थरथरणारा पडदा) छापलंय. आत होती शर्टाच्या बटणाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा स्वस्तातला भाग, गोंदाने चिकटवलेली. दिरांना हसू आवरेना. मला नाही आलं.

गंमत म्हणजे खरं काय ते खोक्यावरच लिहिलेलं होतं, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या बाजूला ‘झीरो नॉइज’, आणि तळाशी सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खरा आवाज आणि माईकची खरखर यांतला फरक, ६० डेसिबल. हे माप ९४ डेसिबलच्या आवाजाला धरून असतं, म्हणून हा आकडा ९४ मधून वजा करायचा, उरतो तो माईकचा स्वतःचा आवाज. इथे ३४ डेसिबल. रोड (Rode) या माईक बनवणाऱ्या कंपनीच्या एनटी-१-ए या माईकचा हाच आकडा ५ आहे. माईक घेताना ‘सेल्फ नॉइज’ विचारा. सांगता आलं नाही तर सिग्नल-टू-नॉइज विचारा आणि वजाबाकी तुम्ही करा. ‘प्रोफेशनल’, ‘ब्रॉडकास्ट’, ‘स्टुडिओ ग्रेड’ हे शब्द कुणीही छापू शकतो.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, महिना-वर्ष नव्हतं. परदेशी मालाच्या बंद खोक्यावर हे असायलाच लागतं. आणि कंपनीचं नाव म्हणाल तर एका नामांकित नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं.

परत द्यायला गेले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. हातात दिलेला कागदही बिल नव्हे, ‘एस्टिमेट’. जीएसटी नंबर नाही. (महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं.) पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. हे मी शांतपणे सांगितलं, तेव्हा सूर उतरला. "ताई, तुम्ही आपल्याच आहात, दुसरा पीस घेऊन जा." दुसरा पीस म्हणजे तेच खोकं.

पैसे यूपीआयने दिले होते, ते बरं झालं. एस्टिमेटवर काही नसलं तरी बँकेच्या नोंदीत तारीख, रक्कम आणि खात्याचं नाव आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, निम्मे पैसे घ्या आणि मिटवा. नाही म्हटलं. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

सध्या काम चाललंय ते एका ओळखीच्या साऊंडवाल्याकडून आणलेल्या जुन्या डायनॅमिक माईकवर. त्याला फँटम लागत नाही, तोंडाजवळ धरून बोललं की पंखा फारसा ऐकू येत नाही. मात्र त्याला गेन बराच द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आवाज बराच वाढवावा लागतो, म्हणून इंटरफेस बरा हवा. मीटरच्या आकड्याचे आणि उघडलेल्या कॅप्सूलचे फोटो माझ्याकडे आहेत. आपल्या घरातल्या माईकशी ताडून बघायचे असतील तर मागा, पाठवते.