सात स्लॉट, चार कार्डं: असूसच्या डब्ल्यूआरएक्स८०ई-सेज बोर्डाचा खरा हिशेब

असूसचा प्रो डब्ल्यूएस डब्ल्यूआरएक्स८०ई-सेज एसई वायफाय हा मदरबोर्ड तीन-चार ग्राफिक्स कार्डांसाठी उत्तम आहे. दोन कार्डांसाठी मात्र तो घेऊ नका. इंदूरमध्ये रेंडरिंगची कामं घेणारा स्टुडिओ असो की स्वतःच्या मशीनवर भाषा-मॉडेल चालवू पाहणारा विद्यार्थी, आधी कार्डं किती लावायची ते ठरवा आणि मगच बोर्डाकडे वळा.

दोन कार्डांचं काम एएमडीच्या साध्या प्रोसेसरांसाठीच्या एएम५ बोर्डावर भागतं. तिथे प्रोसेसरकडून वापरता येतील अशा २४ लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटा, मिळतात, त्यातल्या १६ कार्डांच्या वाट्याच्या. त्या ८ आणि ८ अशा वाटल्या जातात का, हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं. पुष्कळ बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला तसाच असतो, पण त्याला प्रोसेसरऐवजी चिपसेटकडून, म्हणजे बोर्डावरच्या जोडचिपकडून, फक्त ४ लेन येतात. ८-८ मिळाल्या तर रेंडरिंगला काही फरक पडत नाही, आणि कार्डांमध्ये थर वाटून चालवलेल्या भाषा-मॉडेललाही नाही, कारण कार्डांमध्ये फार थोडा डेटा फिरतो. मॉडेल चढायला थोडा वेळ जास्त लागेल एवढंच. मॉडेलचं ट्रेनिंग असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लेन कमी पडल्याचं लगेच जाणवतं.

तिसरं कार्ड आलं की साधा बोर्ड संपतो, आणि इथून सेजचा उपयोग सुरू होतो. या बोर्डावर बसणाऱ्या एएमडीच्या थ्रेडरिपर प्रो प्रोसेसरला पीसीआयई ४.० च्या (कार्डं जोडण्याच्या पद्धतीच्या चौथ्या पिढीच्या) १२८ लेन आहेत. बोर्डावरचे सातही स्लॉट १६ लेनचे, म्हणजे ११२ लेन नुसत्या स्लॉटांना. कुठला स्लॉट भरला की कुठला अर्धा होतो, ही कटकटच नाही.

पण सात स्लॉट म्हणजे सात कार्डं नव्हेत. स्लॉट एकमेकांपासून जेमतेम २० मिमीवर आहेत. दोन स्लॉट जाडीची कार्डं १, ३, ५ आणि ७ मध्ये बसतात. चौथ्याचा खालचा भाग बोर्डाच्या बाहेर येतो, म्हणून कॅबिनेटला मागे किमान आठ खाचा हव्यात. आरटीएक्स ३०९० सारखं तीन स्लॉट जाडीचं कार्ड असेल तर १, ४ आणि ७ अशी तीनच बसतात, तीही नऊ खाचांच्या कॅबिनेटमध्ये. शिवाय कार्डाला कार्ड चिकटलं की वरच्याचे पंखे खालच्याच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढतात. ३०९० च्या २४ जीबी मेमरीतल्या निम्म्या चिप पाठीमागच्या बाजूला आहेत. त्यामुळे कोअरचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान ७० अंश दिसतं आणि मेमरी मात्र शंभरीच्या पुढे जाऊन वेग उतरवत असते. अशा वेळी कोअरचा आकडा बघून समाधान मानू नका.

म्हणून या बोर्डासाठी ब्लोअर पद्धतीची, दोन स्लॉटची कार्डंच आम्ही सुचवू. आरटीएक्स ए५००० मध्येही २४ जीबी मेमरी आहे. तिचा वेग सेकंदाला ७६८ जीबी, ३०९० चा ९३६ जीबी, म्हणजे कार्ड थोडं हळू आहे. पण ते २३० वॅटवर चालतं आणि गरम हवा थेट मागून बाहेर टाकतं. चार लावली की ९६ जीबी. ३०९० स्वस्त पडली तरी चार बसवायला रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब ठेवून जोडणाऱ्या केबल) लागतात, आणि रायझर हलक्या प्रतीचा असला की पीसीआयई ४.० वर चुका यायला लागतात. मशीन बंद पडत नाही, नुसतं रखडतं, आणि लॉगमध्ये ‘करेक्टेड एरर’च्या, म्हणजे आपोआप दुरुस्त झालेल्या चुकांच्या, ओळींचा ढीग साचतो. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, त्या स्लॉटचा वेग पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीवर आणा. चुका थांबल्या तर दोष केबलचा.

रॅमच्या बाबतीत लोक सर्वात जास्त चुकतात. बोर्डाला प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या आठ वाटा, म्हणजे चॅनल, आहेत आणि स्लॉटही आठच, एका चॅनलला एक. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. आठही भरल्या तर २०४.८, चारच लावल्या तर निम्मं. ‘आत्ता ६४ जीबीच्या दोन घेतो, पुढे वाढवू’ हा विचार इथे तोट्याचा. त्याच १२८ जीबीसाठी १६ जीबीच्या आठ घ्या. चार कार्डांची मिळून ९६ जीबी असेल तर १२८ ही किमान मर्यादा. ३२ च्या आठ लावून २५६ केली तर मॉडेल चढवताना डिस्कवर अदलाबदल होत नाही. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन प्रकारच्या स्टिक एकत्र चालत नाहीत, तेव्हा आठही एकाच प्रकारच्या, शक्यतो एकाच संचातल्या घ्या.

यात एक मेख आहे, आणि ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ५९४५डब्ल्यूएक्स आणि ५९५५डब्ल्यूएक्स या १२ आणि १६ कोअरच्या थ्रेडरिपर प्रो प्रोसेसरांमध्ये ज्यांवर कोअर असतात ते चिपचे तुकडे दोनच आहेत. त्यांना आठ चॅनलचा पूर्ण वेग खेचता येत नाही. काम सगळं कार्डांवरच होणार असेल तर हरकत नाही. पण मॉडेलचा काही भाग रॅममध्ये ठेवून प्रोसेसरवर चालवायचा असेल, तर २४ कोअरच्या ५९६५डब्ल्यूएक्सपासून पुढेच बघा.

प्रोसेसर बसवताना सॉकेटचे (प्रोसेसरच्या खोबणीचे) टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू १, २, ३ याच क्रमाने आवळायचे, काढताना ३, २, १. क्रम चुकला किंवा एक बाजू ढिली राहिली की एक-दोन चॅनल दिसतच नाहीत. मग रॅम बदलत बसण्याआधी कूलर काढून प्रोसेसर पुन्हा बसवून पाहा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ओळखायला कित्येक मिनिटं जातात, तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. घाईने पॉवर बंद करू नका. शिवाय बोर्डावर दुरून मशीन सांभाळणारी बीएमसी चिप आणि तिचा वेगळा व्हीजीए पोर्ट आहे. कार्डातून चित्र येत नसेल तर ते तिकडे जात असण्याची शक्यता मोठी. याच बीएमसीमुळे घरी बसून ऑफिसातलं मशीन पुन्हा सुरू करता येतं, ही आमच्या मते बोर्डाची फार मोठी जमेची बाजू. तिचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ (कार्डांना ४ जीबीच्या वरचे मेमरी-पत्ते देणारी सोय) चालू हवं, नाहीतर तिसरं-चौथं कार्ड ओळखलंच जात नाही. लिनक्सवर अनेक कार्डांचं ट्रेनिंग सुरुवातीलाच अडकून बसत असेल तर बायोसमधलं आयओएमएमयू (कार्डांच्या रॅम-वापरावर नियंत्रण ठेवणारी सोय) बंद करून पाहा.

आता वीज. प्रत्येक स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, म्हणजे चार कार्डांचे ३०० वॅट बोर्डातून वाहतात. त्यासाठी बोर्डावर सहा पिनची जादा कनेक्टर आहेत. ती रिकामी ठेवली तर सगळा भार २४ पिनच्या केबलवर येतो आणि कनेक्टर तापतो. चार ए५००० चे ९२०, प्रोसेसरचे २८०, बाकीचे सव्वाशे धरले तर १३२५ वॅट होतात. १६०० वॅटचा एकच चांगला पॉवर सप्लाय पुरतो. भिंतीतून साधारण साडेचौदाशे वॅट ओढले जातील. २३० व्होल्टला ते सव्वासहा अँपिअर झाले, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज २१० वर उतरलं तर सातच्या जवळ. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या किंवा रामबागेतल्या जुन्या घरातल्या ६ अँपिअरच्या प्लगवर हे मशीन लावूच नका. वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचा पॉइंट घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. घरच्या इन्व्हर्टरला हा भार झेपणार नाही, ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस लागेल.

ही सगळी वीज खोलीत उष्णता होऊनच उतरते. इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो तेव्हा दीड टनाच्या एसीतला जवळपास अर्धा टन या मशीनलाच लागतो. कार्डांची वीजमर्यादा पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवली तर वेग त्या मानाने फारच थोडा कमी होतो. उन्हाळ्यापुरतं तरी हे कराच. माळव्यातली धूळ पाहता उघडी फ्रेम नको. जाळीचं बंद कॅबिनेट घ्या आणि जाळी दर पंधरवड्याला झाडा.

जोडणी झाल्यावर प्रत्येक कार्डाला खरोखर १६ लेन आणि लिंकचा पूर्ण वेग मिळतो का ते पाहा, पण कार्ड कामाला लावून. रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला लिंकचा वेग खाली आणतं, आणि तो आकडा बघून लोक चांगला बोर्ड परत करायला निघतात. लोड असतानाही ८ लेन दिसल्या तर कार्ड काढा, सोनेरी पट्टी पुसा आणि नीट दाबून बसवा.

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत हा बोर्ड सहसा मागवून घ्यावा लागतो. जुन्या साठ्यातला असेल तर ५००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत करूनच ताब्यात घ्या. तयार वर्कस्टेशनमधून काढलेला स्वस्त थ्रेडरिपर प्रो कुणी देऊ केला तर तो त्या कंपनीच्या बोर्डाला कुलूपबंद केलेला नाही ना, हे आधी चालवून पाहा. कुलूपबंद असेल तर या बोर्डावर तो चालणार नाही. पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी लागतो, व्यवसायाच्या नावाने बिल असेल तर तो वजा मिळू शकतो. आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच सॉकेटचं झाकण उघडून, टॉर्चच्या तिरप्या उजेडात ४०९४ पिनांवरून नजर फिरवा. एखादी वाकलेली निघाली तर तो बोर्ड तिथेच परत करा. घरी नेल्यावर ती कुणाच्या हातून वाकली हे सिद्ध करता येत नाही, आणि वॉरंटीत असा बोर्ड घेत नाहीत.