रोझा वन फॉन्ट: मथळ्याला एक नंबर, बारीक मजकुराला मात्र नको

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं डिझाइन माझ्याकडे असतं, तर मागच्या वर्षी बॅनरसाठी जाडजूड, जुन्या छापखान्याच्या वळणाचा फॉन्ट शोधत होते तेव्हा गूगल फॉन्ट्सवर रोझा वन सापडला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही, फुकट, आणि धंद्याच्या कामालाही बिनधास्त वापरता येतो.

याची रोमन अक्षरं बघितली की घराणं लगेच कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी 'फॅट फेस' नावाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, निघाले, रॉबर्ट थॉर्न हे त्यातलं मोठं नाव, त्याच जातीचा हा. उभी रेघ खांबासारखी आणि तिला जोडणारी रेघ एकदम केसाएवढी. देवनागरीतही तोच स्वभाव आणलाय आणि मला ते उसनं वाटत नाही, कारण बोरूने लिहिलं की जाड-बारीक आपोआप येतंच, इथे ते पार टोकाला नेलंय एवढंच. एरवी जाड फॉन्टमध्ये जोडाक्षरं गच्च भरून नुसता काळा ठिपका होतो ना, इथे बारीक रेघांमुळे आत हवा राहते आणि 'ज्ञानेश्वरी' लांबूनसुद्धा स्वच्छ वाचता येतं. सहा फुटी बॅनरवर तीनच शब्द टाकले होते, दुसरी कसलीही सजावट नाही, काय रुबाब आला म्हणून सांगू!

पण हाच फॉन्ट मी निमंत्रणपत्रिकेवर छोट्या अक्षरात वक्त्यांच्या नावांना वापरला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि बारीक रेघा गायबच झाल्या, नावं तुटकी दिसायला लागली. पाहुण्यांची नावं अशी छापली जाणं फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून ३६ पॉइंटच्या खाली मी हा वापरत नाही. गडद रंगावर पांढरी अक्षरं छापायची असतील तर अजून मोठा घ्या, शाई पसरली की केसासारख्या रेघा बुजतात. रबरी शिक्का किंवा व्हिनाइल कटिंगला तर नकोच.

आणि एक, याला एकच वजन, म्हणजे अक्षराची एकच जाडी आहे, त्यामुळे वर्डमध्ये बोल्डचं बटण दाबू नका प्लीज, सॉफ्टवेअर ओढूनताणून अक्षर फुगवतं आणि सगळी नजाकत जाते.

खालच्या मजकुराला मी तिरो देवनागरी मराठी घेते, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत आणि जुन्या पुस्तकाचा फील येतो. साधं, सरळ काही हवं असेल तर मुक्ता घ्या, त्यात सात वजनं मिळतात. पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाटकाचं पोस्टर, दिवाळी अंकाचं नाव, मिठाईच्या खोक्यावरचं दुकानाचं नाव, असल्या कामांना रोझा वन डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.