अखेर ळ आला! स्पीच थेरपीचा आमचा अनुभव

माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. बाकी सगळं स्पष्ट बोलतो पण ळ चा ल करायचा, शाळेला शाला, कावळ्याला कावला, केळ्याला केलं. घरातले म्हणायचे होईल आपोआप, पण वर्गातली पोरं बोबड्या म्हणून चिडवायला लागली आणि त्याने वर्गात तोंड उघडणंच सोडलं, तेव्हा मला राहवेना.

आधी दोन महिने एका ठिकाणी गेलो, नाव लिहीत नाही. शिट्टी वाजव, मेणबत्ती फुंक एवढंच चालायचं आणि आईबाबांनी बाहेर बसायचं. ळ जिथल्या तिथेच. मग शेजारच्या ताईंनी कॉलनीमागचं हे छोटं क्लिनिक सुचवलं. मॅडम आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद, स्पीच थेरपिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्टर्ड आहेत, सर्टिफिकेट भिंतीवरच लावलंय (कुठेही गेलात तरी हे आधी बघा प्लीज).

पहिल्या दिवशी थेरपी नाहीच, आधी कानाची तपासणी करून आणा म्हणाल्या. नातेवाईकांनी "जिभेखालची शीर कापून घ्या" म्हणून आमचं डोकं खाल्लं होतं, मॅडमनी जीभ वर उचलायला लावली, बघितली आणि म्हणाल्या टाळूला आरामात लागतेय, कापायचं काही कारण नाही. किती हायसं वाटलं सांगू!

नंतर चक्क दोन आठवडे त्याला ळ म्हणायला लावलाच नाही. नुसतं ऐकायचं. गाल-गाळ, वेल-वेळ, मूल-मूळ अशी चित्रांची कार्डं, मॅडम शब्द म्हणणार आणि याने कार्ड उचलायचं. सुरुवातीला तो सरळ अंदाजपंचे उचलत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला दोन्ही सारखंच ऐकू येतंय, आणि मी घरी वर्षभर "ल नाही रे, ळ म्हण" म्हणून ओरडत होते त्यातलं त्याला काहीच कळत नसणार. फार वाईट वाटलं. पुढे पुढे मॅडम स्वतःच्या गालाला हात लावून "हा माझा गाळ" म्हणायच्या आणि हा ओरडायचा, "नाऽऽही, गाल!" कान तयार झाला होता.

मग जीभ. ड त्याला नीट येत होता, त्यावरूनच ळ काढला. आरशासमोर बसून जिभेचं टोक ड सारखं वर मागे वळवायचं, हवा बाजूने सोडायची आणि जीभ फटकन खाली. आधी अळ, इळ, मग बाळ, नळ, मग शाळा, डोळा, मग वाक्यं. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही त्यामुळे पहिल्या अक्षरावरून आवाज शिकवणारी मोबाईलवरची ॲप्स इथे कामाची नाहीत, आम्ही तीन डाऊनलोड करून बघितली होती. प्रत्येक सेशनला मी आतच बसायचे म्हणून घरी रोज दहा मिनिटं तसंच करून घेता आलं.

साडेचार महिने झाले, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे सहाशे रुपये. शब्द म्हणताना ळ पक्का आहे, घाईत बोलला की अजून ल निघतो, त्यावर काम चालू आहे. पण परवा आजोबांना फोनवर "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" न अडखळता म्हणून दाखवलं आणि आजोबा थांब म्हणेपर्यंत म्हणतच राहिला!

एक स्टार कमी दिलाय तो वेळेसाठी, जवळपास दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं आणि बसायला दोनच खुर्च्या. शनिवारचा स्लॉट हवा असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा.