पीपीएफ, सिरॅमिक, टेफ्लॉन की वॅक्स? नाशिकच्या रस्त्यांवरील गाडीसाठी एक तुलना

नवी गाडी घेताना कर्ज, विमा आणि नोंदणीचे कागद एकामागून एक सहीसाठी पुढे येत असतात. त्याच ओघात शोरूममधील विक्री प्रतिनिधी रंगाच्या संरक्षणाचे पॅकेज सुचवतो आणि एवढ्या मोठ्या बिलात आणखी काही हजारांचे काय, या विचाराने बहुतेक जण होकार देऊन मोकळे होतात. हा होकार तिथल्या तिथे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), सिरॅमिक कोटिंग (रंगावर पसरून घट्ट होणारा द्रव), टेफ्लॉन आणि वॅक्स यांची कामे मुळातच वेगवेगळी आहेत. त्यांतले काय घ्यावे हे गाडी कोणत्या रस्त्यांवर धावते, रात्री कोठे उभी राहते आणि तिला रोज कोण व कसे पुसते यावर ठरते.

आधी रंगाविषयी थोडे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी ही रचना असते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर या सगळ्याची मिळून जाडी साधारणतः 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. गाडीची चकाकी याच थरावर अवलंबून असते. रबिंग-पॉलिश केल्यावर ओरखडे नाहीसे झालेले दिसतात, तेव्हा ते बुजवलेले नसतात. भोवतालचा क्लिअर कोट घासून त्यांच्या तळाच्या पातळीवर आणलेला असतो. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला हौसेने रबिंग करून घेणारा मालक हा थर दरवेळी थोडा थोडा घालवत असतो.

नाशिकमध्ये या थरावर दोन प्रकारची संकटे येतात. पहिले आघाताचे. कसारा घाटातून किंवा समृद्धी महामार्गाने मुंबईकडे, नाहीतर सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याकडे नेहमी जाणाऱ्या गाडीच्या बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि आरशांच्या कवचांवर पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडालेली खडी बसत राहते. वेग ताशी 80 वरून 120 किलोमीटरवर गेला की गाडीच्या वेगामुळे बसणाऱ्या आघाताची ऊर्जा सव्वादोन पटीने वाढते, म्हणून द्रुतगती मार्गावरचा खडा थेट प्रायमरपर्यंत टवका उडवतो. 2027 च्या सिंहस्थासाठी चाललेल्या रस्त्यांच्या कामांमुळे शहरातही डंपर आणि खडी यांची भर पडली आहे.

दुसरे संकट रासायनिक आहे. झाडाखाली लावलेल्या गाडीवर पडलेली पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. एप्रिल-मेच्या उन्हात तापून किंचित मऊ पडलेल्या क्लिअर कोटवर ती वाळली की काही तासांत डाग कोरला जाऊ शकतो. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात तशीच सुकू दिली, तर क्षारांची पांढरी वर्तुळे उमटतात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसू लागतात. ते ग्राइंडिंगच्या धुळीतले लोखंडी कण असतात आणि रंगाला चिकटून तिथेच गंजलेले असतात.

यातल्या पहिल्या संकटावर उपाय एकच आहे आणि तो म्हणजे पीपीएफ. ही थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन या लवचीक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म सहसा 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, म्हणजे खालच्या संपूर्ण रंगापेक्षाही जाड. खड्याचा आघात ती स्वतःवर घेते. मोठा, धारदार दगड तिलाही फाडू शकतो, परंतु तेव्हाही बहुधा फिल्मचा तुकडा बदलावा लागतो, पॅनेल रंगवावे लागत नाही. चांगल्या फिल्मचा वरचा लेप उष्णतेने पूर्ववत होतो. बॉनेटवर टॉर्च धरली असता दिसणाऱ्या कोळिष्टकासारख्या बारीक रेषांवर कढत पाणी ओतले की त्या डोळ्यांदेखत विरून जातात. मात्र चावीने ओढलेला खोल चरा असा भरून येत नाही.

पीपीएफची अडचण किंमत आणि कारागिरी यांची आहे. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला संपूर्ण फिल्म लावण्याचा खर्च साधारणतः 80 हजारांपासून दीड लाखापर्यंत जातो आणि फिल्म उत्तम असेल तर तिचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते. स्वस्तात मिळणारी पीव्हीसीची फिल्म उन्हाने लवकर पिवळी पडते व काढताना गोंद मागे सोडते, म्हणून स्वस्त दर ऐकल्यावर पहिला प्रश्न फिल्म कशाची आहे हाच विचारावा. कारागीर फिल्म गाडीवरच ठेवून ब्लेडने कापत असेल, तर खालच्या रंगावर बारीक चिरा पडण्याचा धोका असतो. संगणकावर मापाने कापून आणलेली फिल्म त्या दृष्टीने सुरक्षित असते. ज्या पॅनेलचे बाहेर डेंटिंग-पेंटिंग झाले आहे, तेथे पुढे फिल्म काढताना कच्चा रंगही तिच्याबरोबर निघून येऊ शकतो, हे जुन्या गाडीच्या मालकाने आधीच सांगून ठेवावे.

सिरॅमिक कोटिंगविषयी गैरसमज फार आहेत. हा सिलिकावर आधारित द्रव रंगावर पसरून घट्ट होतो आणि त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते. एवढा पातळ थर खडी अडवू शकत नाही. जाहिरातीतला ‘9एच’ हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणावर आधारलेल्या चाचणीचा आहे, त्याचा दगडाच्या कठीणपणाशी संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीतली साधी वाळूसुद्धा या कोटिंगवर ओरखडे काढते. सिरॅमिकचा खरा गुण दुसऱ्या संकटाशी झुंजण्याचा आहे. पाणी आणि चिखल त्यावर टिकत नाहीत, गाडी धुणे सोपे होते, विष्ठा पुसून काढायला थोडा अधिक अवधी मिळतो आणि रंगपंचमीला गाडीवर उडालेला रंग सहज निघतो. जड पाण्याचे डाग मात्र त्यावरही पडतात. खर्च अंदाजे 12 ते 30 हजार येतो आणि नीट निगा राखली तर गुण दोन-तीन वर्षे टिकतो. कोटिंगमध्ये ग्राफीन (कार्बनचा एक प्रकार) असल्याचे सांगून दुप्पट दर मागितला, तर तो देण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

टेफ्लॉनसाठी पैसे खर्च करू नयेत, असेच मी सांगेन. टेफ्लॉन 327 अंश सेल्सिअसला वितळते. नॉन-स्टिक तव्यावर ते याहून अधिक तापमानाला भाजून बसवतात. गाडीचा रंग एवढी उष्णता सोसू शकत नाही, त्यामुळे शोरूममधील टेफ्लॉन हे व्यवहारात एक चांगले पॉलिश ठरते आणि काही महिन्यांत उतरते. त्यापेक्षा वॅक्सचा डबा आणून दीड-दोन महिन्यांनी सावलीत स्वतः हाताने लावणे स्वस्तही पडते आणि त्या निमित्ताने गाडीचा प्रत्येक कोपरा नजरेखालून जातो.

आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर जाणाऱ्या आणि गाडी सात-आठ वर्षे ठेवणाऱ्या व्यक्तीने बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर आणि आरसे एवढ्यांना पीपीएफ व उरलेल्या गाडीला सिरॅमिक करावे. माझ्या मते नाशिककरासाठी हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. गाडी शहरातच फिरत असेल आणि उघड्यावर झाडाखाली उभी राहत असेल, तर फक्त सिरॅमिक पुरे. बंद पार्किंग असलेल्या, कमी फिरणाऱ्या किंवा तीन-चार वर्षांत विकायच्या गाडीला वॅक्सच योग्य. संपूर्ण पीपीएफ महागड्या गाडीला किंवा गडद रंगाच्या गाडीला शोभते, कारण काळ्या रंगावर प्रत्येक रेष उठून दिसते.

यांपैकी काहीही केले तरी सोसायटीत पहाटे एकाच बादलीच्या पाण्यात तेच फडके बुडवून ओळीने सगळ्या गाड्या पुसल्या जात असतील, तर रंगावर गोल गोल रेषा उमटणारच, कारण त्या फडक्यात आधीच्या गाडीची वाळू असते. कोरड्या धुळीवर झटकणी फिरवल्यानेही तेच होते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शाम्पू आणि मायक्रोफायबर वापरावे आणि शेवटी पाणी टिपून घ्यावे. पुसणाऱ्या माणसाला दोन बादल्या आणि आपले स्वतःचे कापड दिले, तर तोही ते आनंदाने करतो.

काम देताना ते बंद खोलीत होते का, कोटिंगपूर्वी रंगाची जाडी मापकाने मोजतात का आणि फिल्मची वॉरंटी उत्पादक कंपनीच्या नावे नोंदवून मिळते का, हे विचारून घ्यावे. सिरॅमिकनंतर पहिले काही दिवस गाडी पाण्यापासून आणि जवळपास आठवडाभर धुण्यापासून जपावी लागते. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढावे आणि जुलैत डिलिव्हरी मिळालेल्या गाडीला तोवर वॅक्सवर ठेवावे.